व्हीसेंटरमधली जुनी परफॉर्मन्स आकडेवारी स्क्रिप्टने काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हीएमवेअरच्या व्हीसेंटरखाली, म्हणजे अनेक सर्व्हर एका जागेवरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरखाली, काहीशे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) आहेत. गेल्या सहा महिन्यांत प्रत्येकीने सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क किती वापरलं हे पॉवरसीएलआयच्या (व्हीएमवेअरच्या पॉवरशेल कमांडसंचाच्या) स्क्रिप्टने काढून सीएसव्हीमध्ये हवं आहे. आकडे मागणारी गेट-स्टॅट ही कमांड चालवली की कधी रिकामं उत्तर येतं, तर कधी अमुक मेट्रिक काउंटर (मोजमापाचा प्रकार) या एंटिटीसाठी (मशीन किंवा होस्टसाठी) अस्तित्वात नाही असा एरर येतो. आकडे आलेच तर व्हीसेंटरच्या क्लायंटमधल्या आलेखाशी जुळत नाहीत. शिवाय स्क्रिप्ट तासन्‌तास संपत नाही.

स्क्रिप्ट सावकाश चालण्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल. बाकी तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. व्हीसेंटर जुने आकडे जसेच्या तसे ठेवत नाही, दिवस जातील तसा तो ते आटवत जातो. जे आटून गेलं ते कितीही हुशार स्क्रिप्ट लिहिली तरी परत मिळत नाही. म्हणून काय शिल्लक आहे ते आधी बघायचं आणि स्क्रिप्ट मग लिहायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

कोणता आकडा किती दिवस टिकतो

ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात तो सर्व्हर, दर २० सेकंदांनी एक नमुना घेतो. असे १८० नमुने, म्हणजे एका तासाचे, तो हाताशी ठेवतो. क्लायंटमध्ये 'रिअल-टाइम' म्हणून दिसतो तो हाच तास. व्हीसेंटर यातून ५ मिनिटांचा एक नमुना करून आपल्या डेटाबेसमध्ये टाकतो आणि तो एक दिवस ठेवतो. त्यांतून ३० मिनिटांचे नमुने होतात, ते आठवडाभर राहतात. त्यांचे २ तासांचे होतात, ते महिनाभर राहतात. शेवटी दिवसाला एक नमुना उरतो आणि तो वर्षभर टिकतो. एपीआयला (प्रोग्रामने आकडे मागायच्या दाराला) हे चार टप्पे सेकंदांत सांगावे लागतात: ३००, १८००, ७२०० आणि ८६४००. गेट-स्टॅटला -इंटरव्हलमिन्स वापरून मिनिटांत सांगायचे तर ५, ३०, १२० आणि १४४०.

आता सहा महिन्यांचा प्रश्न पुन्हा बघा. मूळ मांडणी बदललेली नसेल तर सहा महिन्यांमागचा एकच प्रकारचा आकडा व्हीसेंटरकडे असतो, तो म्हणजे दिवसाची सरासरी. सहा महिन्यांची सुरुवात देऊन ५ मिनिटांचे नमुने मागितले तर फार तर कालपासूनचे मिळतील. मागचा संपूर्ण मार्च ३० मिनिटांनी मागितला तर काहीच मिळणार नाही, आणि हे रिकामं उत्तर बरोबरच असेल.

तुमच्या व्हीसेंटरवर मुदती काय ठेवल्या आहेत ते गेट-स्टॅटइंटरव्हल दाखवतं. ते आधी चालवा. कुणीतरी पूर्वी ५ मिनिटांच्या आकड्यांची मुदत १ दिवसावरून वाढवलेली असू शकते. ती ५ दिवसांपर्यंत नेता येते. वर्षाची मुदतही ५ वर्षांपर्यंत वाढवता येते.

गेट-स्टॅटला इंटरव्हल न देता फक्त -स्टार्ट आणि -फिनिश देऊन निवड त्याच्यावर सोडू नका. आज आलेला नमुना ५ मिनिटांचा आहे की २ तासांचा, हे तुम्हाला माहीत नसेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. या चारांखेरीज पाचवा आकडाही देऊ नका. १५ मिनिटांचे नमुने हवे असतील तर ५ मिनिटांचे घेऊन तीन-तीन स्वतः एकत्र करा. एकत्र करताना काउंटरच्या नावाचं शेपूट बघा. 'ॲव्हरेज' असेल तर सरासरी काढायची, 'समेशन' असेल तर बेरीज करायची आणि 'लेटेस्ट' असेल तर शेवटचा नमुना घ्यायचा.

काउंटर नाही असं तो का म्हणतो

प्रत्येक काउंटरला १ ते ४ यांपैकी एक पातळी दिलेली असते, आणि वरच्या चारही टप्प्यांना प्रत्येकी एक पातळी ठरवलेली असते. टप्प्याची पातळी १ असेल तर त्या टप्प्यात फक्त पातळी १ चे काउंटर साठवले जातात. मूळ मांडणीत चारही टप्पे १ वर असतात. लांबच्या टप्प्याची पातळी जवळच्या टप्प्याहून जास्त ठेवता येत नाही. साहजिकच आहे, जे ५ मिनिटांत साठवलंच नाही त्याचे २ तास कशातून करणार?

पातळी १ वर रोजच्या कामाचं बरंच मिळतं: सीपीयू.युसेज.ॲव्हरेज, सीपीयू.युसेजएमएचझेड.ॲव्हरेज, सीपीयू.रेडी.समेशन, मेम.युसेज.ॲव्हरेज, मेम.कन्झ्यूम्ड.ॲव्हरेज, बलूनिंगसाठी (व्हीएमकडून होस्टने मेमरी परत घेणं) मेम.व्हीएममेमसीटीएल.ॲव्हरेज, डिस्क.युसेज.ॲव्हरेज, नेट.युसेज.ॲव्हरेज. मेम.ॲक्टिव्ह.ॲव्हरेज पातळी २ वर आहे. एकेका कोअरचे, एकेका नेटवर्क कार्डचे किंवा एकेका डिस्कचे सुटे आकडे साधारणपणे पातळी ३ वर सुरू होतात. 'मॅक्सिमम' आणि 'मिनिमम' हे शेपूट असलेले काउंटर पातळी ४ चे. म्हणजे दिवसातला सर्वोच्च वापर किती, हा ज्याला त्याला पडणारा प्रश्न मूळ मांडणीत साठवलाच जात नाही.

आणखी एक फसगत नेहमी होते. क्लायंटमध्ये 'रिअल-टाइम' आलेख उघडला की जवळजवळ सगळे काउंटर दिसतात, कारण ते थेट होस्टकडून येतात. तेच नाव उचलून स्क्रिप्टमध्ये मागच्या महिन्यासाठी टाकलं की एरर येतो. काउंटरची नावं आलेखातून उचलू नका. एक व्हीएम घ्या आणि तिच्यावर गेट-स्टॅटटाइप चालवा, -इंटरव्हल म्हणून 'पास्ट मंथ' किंवा 'पास्ट इयर' द्या. त्या यादीत जे नाही ते त्या टप्प्यात साठवलेलं नाही, विषय संपला.

पातळी वाढवली तरी ती मागच्या तारखेपासून लागू होत नाही. आज ३ केली तर आजपासूनचे आकडे साठतील, कालचे नाही. शिवाय चारही टप्पे सरसकट ४ वर नेणं हा डेटाबेस फुगवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. व्हीसेंटर अप्लायन्समध्ये ही आकडेवारी /स्टोरेज/सीट या पार्टिशनवर असते आणि तिथेच इव्हेंट, अलार्म आणि टास्कही असतात. ते पार्टिशन भरलं तर आलेख राहिले बाजूला, व्हीसेंटरची सेवाच बंद पडते. पातळी बदलायची त्याच खिडकीत व्हीएम आणि होस्टची संख्या टाकली की अंदाजे किती जागा लागेल ते दिसतं, ते बघूनच हात घाला. माझं मत विचाराल तर फक्त ५ मिनिटांचा टप्पा २ वर न्या, बाकी १ वर राहू द्या. एखाद्या तपासासाठी ३ किंवा ४ लागलीच तर काही तासांसाठी चढवा आणि काम झालं की न विसरता उतरवा.

स्क्रिप्टचा सांगाडा

जोडणीसाठी कनेक्ट-व्हीआयसर्व्हर. खातं वेगळं काढा. मुळापासून खाली पसरणारा 'रीड-ओन्ली' रोल आकडे वाचायला पुरतो, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये ठेवायची गरज नाही. एकाहून अधिक व्हीसेंटर एकाच सत्रात जोडलेले असतील तर प्रत्येक कमांडला -सर्व्हर द्या. नाहीतर दोन्हीकडच्या मशीन एकाच यादीत येतात आणि नावं सारखी असली की सगळा गोंधळ होतो.

यादी गेट-व्हीएमने घ्या. बंद मशीन गाळू नका. आज बंद असलेली मशीन तीन महिन्यांपूर्वी जोरात चालत असेल आणि तिचा इतिहास शाबूत असेल. व्हीसीएलएस नावाने सुरू होणारी छोटी मशीन मात्र गाळा. क्लस्टरच्या सेवांसाठी ती व्हीसेंटर स्वतःच तयार करतो.

तारखा ठरवताना 'आत्तापासून ३० दिवस मागे' असं करू नका, दिवसाच्या सुरुवातीला पकडा. गेट-डेटच्या .डेट या गुणधर्मातून आजची मध्यरात्र मिळते, तिच्यातून ॲडडेज(-३०) करून सुरुवात आणि तीच मध्यरात्र शेवट. म्हणजे सकाळी चालवली काय नि संध्याकाळी चालवली काय, तोच अहवाल येतो. एपीआयमध्ये सुरुवातीच्या वेळेवर नेमका पडणारा नमुना उत्तरात येत नाही, शेवटच्या वेळेवरचा येतो. नमुन्यावरची वेळ ही तो नमुना घेतल्याची, म्हणजे तो काळ संपल्याची असते. त्यामुळे १० तारखेच्या सुरुवातीचा शिक्का असलेला दैनिक आकडा ९ तारखेच्या वापराचा असतो. अहवालात तारीख लिहिताना शिक्क्यातून इंटरव्हलची लांबी वजा करा. सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो आणि पॉवरसीएलआय ती स्थानिक वेळेत बदलून दाखवतं. त्यामुळे दैनिक नमुन्याचा शिक्का तुमच्या मध्यरात्रीचा असेलच असं नाही. 'रात्री १२ वाजताचे नमुने' असं गाळणं लावलं तर हाती भोपळा येऊ शकतो.

मग एकच गेट-स्टॅट: -एंटिटी म्हणून संपूर्ण यादी, -स्टॅट म्हणून काउंटरची यादी, -स्टार्ट, -फिनिश, -इंटरव्हलमिन्स. पातळी ३ चे आकडे साठत असतील तर एकाच वेळेचे अनेक नमुने येतात: एक एकूण आणि बाकी सुटे. एकूण नमुन्याचा 'इन्स्टन्स' (कोणता कोअर, कार्ड किंवा डिस्क ते सांगणारा रकाना) रिकामा असतो. म्हणून इन्स्टन्स रिकामा असलेलेच ठेवा. हे गाळणं विसरलं तर सरासरीत एकूण आणि सुटे आकडे एकत्र घोळतात, आणि आकडा चुकलाय हे कळत नाही कारण तो दिसायला ठीकच असतो.

पुढे ग्रुप-ऑब्जेक्टने व्हीएम आणि काउंटर यांवर गट पाडा, मेझर-ऑब्जेक्टने प्रत्येक गटाची सरासरी, कमाल आणि नमुन्यांची संख्या काढा. नमुन्यांची संख्या अहवालात ठेवाच. ३० दिवसांत २ तासांचे ३६० नमुने यायला हवेत. एखाद्या मशीनचे ४१ आले असतील तर तिची सरासरी ३० दिवसांची नाही, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

शेवटी एक्सपोर्ट-सीएसव्ही. वेळ वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मजकूर करून लिहा आणि दशांशचिन्ह ज्या संगणकावर स्क्रिप्ट चालते त्याच्या भाषेवर सोडू नका. एका संगणकावर बिंदू आणि दुसऱ्यावर स्वल्पविराम आला की एक्सेलमध्ये १२.५ चा १२५ होतो.

आकडे आले, पण अर्थ चुकला

सगळ्यात जास्त घोळ सीपीयू रेडीचा होतो. मशीनला काम होतं पण होस्टवर कोअर मोकळा मिळाला नाही, अशा थांबण्याच्या वेळेची ही बेरीज आहे, तीही मिलिसेकंदांत. टक्के काढायचे तर नमुन्याच्या लांबीने भागावं लागतं. रिअल-टाइमला २०,०००, ५ मिनिटांना ३,००,०००, ३० मिनिटांना १८,००,०००, २ तासांना ७२,००,००० आणि दिवसाला ८,६४,००,०००. समजा ५ मिनिटांच्या नमुन्यात आकडा १२,००० आहे. भागिले ३,००,०००, गुणिले १००, म्हणजे ४ टक्के. पण व्हीएमचा एकूण आकडा सगळ्या व्हीसीपीयूंची (व्हीएमला दिलेल्या आभासी सीपीयूंची) बेरीज असतो. मशीनला ४ व्हीसीपीयू असतील तर प्रत्येकी १ टक्का, म्हणजे काळजीचं कारण नाही. तोच आकडा कुणी २०,००० ने भागला तर ६० टक्के येतात. भाजक स्क्रिप्टमध्ये हाताने लिहू नका. गेट-स्टॅटच्या प्रत्येक नमुन्याबरोबर इंटरव्हलसेक्स येतं, त्याला १,००० ने गुणून तोच भाजक घ्या.

दुसरा घोळ मेमरीचा. व्हीएमसाठी मेम.युसेज म्हणजे दिलेल्या मेमरीपैकी अलीकडे प्रत्यक्ष हाताळली गेलेली मेमरी, टक्क्यांत. तो हायपरव्हायझरने (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) बाहेरून लावलेला अंदाज आहे. गेस्टच्या (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) आत टास्क मॅनेजर किंवा फ्री कमांड दाखवते तो हा आकडा नाही. डेटाबेसच्या मशीनमध्ये आत ९० टक्के वापर दिसतो आणि इथे १५ टक्के, कारण कॅशमध्ये पडून राहिलेली पानं 'ॲक्टिव्ह' धरली जात नाहीत. या १५ टक्क्यांवर विसंबून मेमरी कापली तर डेटाबेसवाले दारात उभे राहतील. होस्टसाठी मात्र याच नावाचा काउंटर व्यापलेली मेमरी दाखवतो. नाव एक, अर्थ दोन, त्यामुळे व्हीएम आणि होस्टचे आकडे एका रकान्यात टाकू नका. मेम.कन्झ्यूम्ड किलोबाइटमध्ये येतं, गिगाबाइट करायला १०,४८,५७६ ने भागा.

तिसरी गोष्ट टक्क्यांची. सहा महिन्यांत एखाद्या मशीनचे व्हीसीपीयू २ वरून ४ केले असतील तर आधीचे ८० टक्के आणि नंतरचे ४० टक्के हा एकच भार आहे. लांबच्या काळाच्या तुलनेला सीपीयू.युसेजएमएचझेड घ्या.

आणि सरासरीचा सापळा. एखादी मशीन दोन तासांत ५ मिनिटं १०० टक्क्यांवर होती आणि उरलेली ११५ मिनिटं १० टक्क्यांवर. दोन तासांच्या नमुन्यात दिसेल १३.७५ टक्के. रोज तासभर १०० टक्के आणि बाकी २३ तास ५ टक्के अशी रात्रीच्या कामाची मशीन दैनिक नमुन्यात ९ टक्क्यांच्या आतच बसते. या दैनिक आकड्यांतली कमाल काढून तिला 'पीक' म्हणणं ही फसवणूक आहे, ९५वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९५ टक्के नमुने येतात तो आकडा) काढला तरी फरक पडत नाही. ती सरासऱ्यांची कमाल आहे, वापराची नव्हे. अहवालाच्या रकान्याला 'दैनिक सरासरीची कमाल' असं नाव द्या.

वेग

स्क्रिप्ट सावकाश चालण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. फॉरईचमध्ये प्रत्येक व्हीएमला गेट-स्टॅट, आणि त्याच्या आत प्रत्येक काउंटरला आणखी एक. ५०० मशीन आणि ६ काउंटर म्हणजे ३,००० फेऱ्या. संपूर्ण यादी एकदाच द्या, फरक लगेच जाणवेल. मात्र ५ मिनिटांचे नमुने एकदम मागितले तर दिवसाला ५०० गुणिले ६ गुणिले २८८, म्हणजे ८,६४,००० ऑब्जेक्ट पॉवरशेलच्या मेमरीत येतात. म्हणून ५०-५० मशीनचे गट करा, गट झाला की सीएसव्हीला जोडा आणि पुढे चला.

तेही पुरत नसेल तर थेट परफॉर्मन्समॅनेजरच्या क्वेरीपर्फ या मेथडकडे जा. पॉवरसीएलआयमध्ये गेट-व्ह्यूने आणि पायथनमध्ये पायव्हीएमओमी या लायब्ररीने तिथे पोचता येतं. इथे काउंटर नावाने नाही, क्रमांकाने मागावा लागतो. तो क्रमांक सगळ्या व्हीसेंटरवर सारखाच असतो असं समजू नका, एखाद्या जुन्या स्क्रिप्टमधून उचलून चिकटवू नका. पर्फकाउंटर या यादीतून गट, नाव आणि रोलअप (नावाचं शेपूट) जोडून एक कोश बनवा आणि क्रमांक त्यातून घ्या. क्वेरीस्पेकमध्ये एंटिटी, मेट्रिकआयडी, इंटरव्हलआयडी, सुरुवात, शेवट आणि फॉरमॅट भरायचं. फॉरमॅट 'सीएसव्ही' ठेवलं तर उत्तर बरंच लहान येतं. मॅक्ससॅम्पल जुन्या आकड्यांसाठी विचारातच घेतलं जात नाही, ते फक्त रिअल-टाइमसाठी आहे. वेळा यूटीसीत द्या.

गेट-स्टॅट जे गुपचूप सांभाळत होतं ते इथे तुमच्या गळ्यात येतं. टक्के शंभर पटीत येतात, १२३४ म्हणजे १२.३४ टक्के. ज्या वेळेचा नमुना नाही तिथे -१ येतो. आधी १०० ने भागून मग -१ शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण तो -०.०१ झालेला असतो आणि सरासरीत मुकाट्याने शिरतो. आधी -१ गाळा, मग भागा.

मोठी विनंती केली की 'रिक्वेस्ट प्रोसेसिंग इज रिस्ट्रिक्टेड बाय ॲडमिनिस्ट्रेटर' असा एरर येऊ शकतो. हा परवानगीचा प्रश्न वाटतो पण नाही. व्हीसेंटर ५.५ अपडेट २डी आणि ६.० पासून डेटाबेसमधून येणाऱ्या आकड्यांवर एका विनंतीत किती मोजमापं याची मर्यादा आली, ती त्या आवृत्त्यांत मुळात ६४ ठेवलेली आहे. सेटिंगचं नाव कॉन्फिग.व्हीपीएक्सडी.स्टॅट्स.मॅक्सक्वेरीमेट्रिक्स. ते -१ करून मर्यादा काढता येते, पण डेटाबेस गुदमरू नये म्हणूनच ती लावली आहे. मशीन गुणिले काउंटर ६४ च्या आत राहील असे गट करा: ६ काउंटर असतील तर एका वेळी १० मशीन.

इतिहास कधी हातचा जातो

आकडे मशीनच्या नावाला बांधलेले नसतात, व्हीसेंटरच्या आतल्या ओळखक्रमांकाला बांधलेले असतात. नाव बदललं किंवा व्हीमोशनने (चालू मशीन हलवण्याच्या सोयीने) त्याच व्हीसेंटरखाली होस्ट बदलला तरी इतिहास टिकतो. इन्व्हेंटरीतून काढून पुन्हा नोंदवली किंवा दुसऱ्या व्हीसेंटरवर हलवली की क्रमांक नवा आणि इतिहास कोरा. काढून टाकलेल्या मशीनचे आकडे एपीआयने मागायला एंटिटीच उरत नाही. मशीन निवृत्त करण्याच्या कामाच्या यादीत 'आधी आकडे काढून ठेवा' ही ओळ घाला.

यावरून पुढचा सल्ला. सहा महिन्यांनी नेमके आकडे लागणार हे आज माहीत असेल तर ते आजपासून स्वतः साठवा. ५ मिनिटांच्या टप्प्याची मुदत १ वरून ३ किंवा ५ दिवस करा, म्हणजे शनिवारी रात्री काम पडलं तरी सोमवारी उचलता येईल. रोज एकदा मागच्या ३६ तासांचे नमुने घ्या आणि मशीनचा इन्स्टन्स यूयूआयडी (तिचा वेगळा ओळखक्रमांक), काउंटर, इन्स्टन्स आणि वेळ यांच्या जोडीवर दुहेरी नोंदी टाळून एखाद्या डेटाबेसमध्ये टाका. नावही साठवा, पण किल्ली म्हणून वापरू नका. शेवटचे काही नमुने डेटाबेसमध्ये उतरायला थोडा वेळ घेतात, म्हणून -फिनिश आत्ताच्या वेळेवर न ठेवता तासभर मागे ठेवा. या साठ्यातून निघणारा पर्सेंटाइल मात्र खरा असेल, निदान ५ मिनिटांच्या बारकाईने.

व्हीएमवेअर नसेल तर

तत्त्व तेच, टप्पे वेगळे. व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालींपैकी प्रॉक्समॉक्स व्हीई आकडे आरआरडी फायलींत (ठरावीक आकाराच्या, जुने नमुने आटवत जाणाऱ्या) ठेवतं. पीव्हीईएसएच गेट ही कमांड वापरून नोड आणि मशीनच्या मार्गाखालचं आरआरडीडेटा मागायचं, टाइमफ्रेम तास, दिवस, आठवडा, महिना किंवा वर्ष, आणि सीएफमध्ये (नमुने एकत्र करायच्या रीतीत) सरासरी किंवा कमाल. ८ पर्यंतच्या आवृत्त्यांत नमुने अनुक्रमे १ मिनिट, ३० मिनिटं, ३ तास, १२ तास आणि ७ दिवसांचे, प्रत्येक टप्प्यात ७०. इथे कमालही वेगळी साठवलेली असते, ही व्हीसेंटरच्या मूळ मांडणीपेक्षा उजवी बाजू. झेनसर्व्हरमध्येही आरआरडीच: ५ सेकंदांचे १० मिनिटं, १ मिनिटाचे २ तास, तासाचे आठवडाभर आणि दिवसाचे वर्षभर. एचटीटीपीवरून आरआरडी_अपडेट्सला सुरुवातीची वेळ देऊन ते एक्सएमएलमध्ये मिळतात.

हायपर-व्हीचा एकटा होस्ट इतिहास ठेवत नाही. इनेबल-व्हीएमरिसोर्समीटरिंग केल्यावर मेझर-व्हीएम मागच्या रीसेटपासूनची सरासरी देतं, वेळेनुसार मालिका नाही. त्यासाठी पर्फमॉनचा (विंडोजच्या मोजमापाच्या साधनाचा) डेटा कलेक्टर सेट आधीपासून चालू असावा लागतो. विंडोज सर्व्हर २०१९ पासून स्टोरेज स्पेसेस डायरेक्टच्या क्लस्टरवर मात्र गेट-क्लस्टरपर्फ आयता इतिहास देतं, त्यात दैनिक नमुने ४०० दिवस राहतात. केव्हीएमवर विर्श डोमस्टॅट्स फक्त त्या क्षणाचे साठत जाणारे आकडे देतं. दोन वेळा घेऊन वजाबाकी करायची, आणि मधे मशीन बंद होऊन चालू झाली की मोजणी शून्यावर येऊन वजाबाकी उणे निघते, ती गाळायची.

आलेखाशी पडताळणी

अहवाल पुढे पाठवण्याआधी एक व्हीएम निवडा. क्लायंटमध्ये ॲडव्हान्स्ड आलेख उघडा, तोच काउंटर घ्या, स्क्रिप्टमध्ये ज्या टप्प्याचा इंटरव्हल वापरला त्याच टप्प्याची मुदत निवडा आणि तीन नमुने हाताने ताडून बघा. काही तासांचा नेमका फरक दिसला तर यूटीसीचा घोळ आहे. शंभर पट फरक असेल तर टक्क्यांचा. सीपीयू रेडी १५, ९० किंवा ३६० पट जास्त दिसत असेल तर भाजक २०,००० च राहिला आहे. व्हीसीपीयूंच्या संख्येइतक्या पटीत असेल तर तिने भागायचं राहून गेलं आहे. तिन्ही नमुने जुळले आणि तरी सरासरी वेगळी येत असेल तर इन्स्टन्सचं गाळणं तपासा, बहुधा तिथेच चूक सापडेल.